नर्सरीचे पहिले काही आठवडे: रडणे, रुळणे आणि वारंवारचे आजारपण

जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरमधल्या कोणत्याही नर्सरीच्या दारात सकाळी नऊ वाजता उभे राहिलात तर चित्र सारखेच दिसते. छत्र्या, रेनकोट, पाठीपेक्षा मोठे दप्तर आणि आईच्या ओढणीला किंवा आजोबांच्या बोटाला घट्ट धरून रडणारी मुले. दाराबाहेर उभे असलेले पालकही डोळे पुसत असतात. त्याच सुमारास बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात दोन प्रश्न रोज येतात. "डॉक्टर, तो इतका रडतो, आम्ही चूक तर करत नाही ना?" आणि "शाळा सुरू झाल्यापासून दर पंधरा दिवसांनी आजारी पडतेय, प्रतिकारशक्ती कमी आहे का?"

बहुतेक मुलांच्या बाबतीत दोन्ही प्रश्नांचे उत्तर "नाही" असेच असते. मात्र काही मुलांचे रडणे किंवा आजारपण गांभीर्याने घ्यावे लागते. हा फरक कसा ओळखायचा आणि घरी काय करायचे, ते या लेखात पाहू.

मूल का रडते?

साधारण आठव्या-नवव्या महिन्यापासून बाळाला आपले माणूस आणि परके माणूस यातला फरक कळू लागतो. आई नजरेआड झाली की ते रडते. ही भीती दीड वर्षाच्या आसपास सर्वांत जास्त असते आणि तीन वर्षांपर्यंत हळूहळू कमी होते. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात या नात्याचा सविस्तर विचार मांडला. त्याचा सोपा अर्थ असा, की जवळच्या माणसाला धरून राहणे ही लहान मुलाची सुरक्षित राहण्याची नैसर्गिक पद्धत आहे.

म्हणून नर्सरीच्या दारात रडणारे मूल हट्टी किंवा लाडावलेले आहे असे समजू नका. "तू आता जाणार, आणि परत कधी येणार ते मला कळत नाही" एवढेच ते सांगत असते. अडीच-तीन वर्षांच्या मुलाला "साडेअकरा" म्हणजे काय ते कळत नाही. तुम्ही रोज गेलात आणि रोज परत आलात, हे पुन्हा पुन्हा अनुभवल्यावरच त्याचा विश्वास बसतो. हा विश्वास बसायला बहुतेक मुलांना दोन ते चार आठवडे लागतात. शांत, बुजऱ्या स्वभावाच्या मुलांना दीड-दोन महिनेही लागू शकतात.

वय किती असावे?

महाराष्ट्रात नर्सरी प्रवेशासाठी त्या शैक्षणिक वर्षातील ३१ डिसेंबरपर्यंत ३ वर्षे पूर्ण होणे अपेक्षित आहे. या नियमाचा एक परिणाम पालकांच्या लक्षात येत नाही. जानेवारीत जन्मलेले मूल जूनमध्ये जवळजवळ साडेतीन वर्षांचे असते, तर त्याच वर्गातले डिसेंबरमध्ये जन्मलेले मूल जेमतेम अडीच वर्षांचे. या वयात एका वर्षाचा फरक फार मोठा असतो. बोलणे, शू सांगणे, स्वतः खाणे, आईशिवाय राहणे या सगळ्यात तो दिसतो. तेव्हा "शेजारची मुलगी दोन दिवसांत रमली, आमचाच रडतो" अशी तुलना करण्यापूर्वी दोघांच्या जन्मतारखा बघा.

अडीच वर्षांचे मूल अजून तयार वाटत नसेल आणि घरी आजी-आजोबा किंवा सांभाळणारे प्रेमळ माणूस असेल, तर काही महिने थांबल्याने मुलाचे नुकसान होत नाही. आजीबरोबर भाजी निवडणे, गोष्टी ऐकणे, सोसायटीच्या बागेत इतर मुलांशी खेळणे हेही शिक्षणच आहे. उलट, घरात दिवसभर एकटे, समोर मोबाइल आणि खेळायला कोणी नाही अशी परिस्थिती असेल, तर दोन-अडीच तासांची चांगली नर्सरी त्या मुलाला खूप काही देते. दोन्ही पालक नोकरी करत असल्यामुळे पाठवावे लागत असेल, तर त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. चांगली काळजी घेणाऱ्या ठिकाणी मूल आनंदाने वाढते.

नर्सरी निवडताना काय बघावे?

पहिला निकष अंतर. डहाणू तालुक्यात बोर्डी आणि कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचे काम केले, तेव्हा मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळाच मुलाच्या अंगणात नेली. अंगणवाडी ही कल्पना तिथून आली. लहान मुलाची शाळा त्याच्या घराजवळ हवी, हे त्यामागचे सूत्र आजच्या उपनगरातही लागू पडते. नावाजलेल्या शाळेसाठी पावसात पाऊण तास व्हॅनमध्ये बसण्यापेक्षा दहा मिनिटांवरची साधी, प्रेमळ नर्सरी किंवा बालवाडी चांगली.

प्रवेश घेण्यापूर्वी वर्ग चालू असताना एकदा जाऊन या. पुढील गोष्टी पाहा आणि विचारा:

- रडणाऱ्या मुलाजवळ कोण बसते? त्याला कडेवर घेतात की कोपऱ्यात बसवतात?
- एका शिक्षिकेकडे किती मुले आहेत? मदतीला मावशी आहेत का? त्या वारंवार बदलतात का?
- पहिले काही दिवस पालकांना आत बसू देतात का? वेळ हळूहळू वाढवतात का?
- शू-शी झाली तर कोण स्वच्छ करते? मुलाला रागावतात का?
- स्वच्छतागृह मुलांच्या उंचीचे आहे का? हात धुवायला साबण आहे का?
- जागेत उजेड आणि हवा आहे का? पावसाळ्यात ओल किंवा साचलेले पाणी आहे का?
- सीसीटीव्ही आहेत का? कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी झाली आहे का? मुलाला घ्यायला कोण येऊ शकते याची नोंद ठेवतात का?

तीन वर्षांच्या मुलाला लिहायला लावणारी आणि गृहपाठ देणारी नर्सरी पाहून भारावून जाऊ नका. या वयात बोटांचे स्नायू पेन्सिल धरून अक्षरे काढण्याइतके तयार नसतात. माती, पाणी, ठोकळे, गाणी आणि गोष्टी यांतूनच पुढच्या लिखाणाची तयारी होते.

आधीच्या महिन्यात घरी करायची तयारी

- दूर राहण्याचा सराव: मावशी, आत्या किंवा शेजारच्या काकूंकडे आधी पंधरा मिनिटे, मग अर्धा तास, मग तासभर ठेवा. जाताना सांगून जा आणि सांगितल्याप्रमाणे परत या. बुवा-कुक आणि लपाछपी हे खेळही "दिसेनासे झालेले माणूस परत येते" हेच शिकवतात.
- झोपेची वेळ: तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून दिवसाला १० ते १३ तास झोप लागते. बाबा लोकलने साडेआठ-नऊला घरी येतात, मग खेळ, मग जेवण, आणि मूल साडेअकराला झोपते, हे अनेक घरांतले वास्तव आहे. सकाळी आठला झोपेतून ओढून उठवलेले मूल शाळेतही रडणारच. शाळा सुरू होण्याआधी तीन-चार आठवडे दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटे लवकर झोपवा. मुलाचे जेवण बाबा येण्याआधी उरकून घ्या. बाबांनी झोपताना गोष्ट सांगावी.
- स्वतःचे स्वतः: डबा उघडणे, पाण्याची बाटली तोंडाला लावणे, चप्पल काढणे, चड्डी खाली करणे. घट्ट झाकणाचा डबा आणि बटणांची पँट टाळा.
- शू-शीचे शब्द: मूल घरी जो शब्द वापरते तो शिक्षिकांना सांगा. डायपर सुटला नसेल तर आठवडाभरात जबरदस्तीने सोडवू नका. धाक घातला की मूल शी रोखून धरते, बद्धकोष्ठता होते, शी करताना दुखते आणि मूल आणखी रोखून धरते.
- जागेची ओळख: येता-जाता नर्सरी दाखवा. "इथे झोपाळा आहे, इथे तू खेळणार आणि मग आजी तुला न्यायला येणार" एवढेच सांगा.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा. "थांब, शाळेत गेलास ना की टीचर बघतील तुझ्याकडे" किंवा "मस्ती केलीस तर तिथेच ठेवून येईन" असे गमतीतही म्हणू नका. मुलाला ते खरे वाटते.

पहिल्या दिवसापासून निरोप कसा घ्यावा?

मूल खेळात गुंतले की हळूच निघून जावे, असा सल्ला घरातली मोठी माणसे प्रेमापोटी देतात. त्या क्षणी रडणे टळते खरे. पण मूल मान वर करून पाहते आणि आई नसते. दुसऱ्या दिवसापासून ते खेळतच नाही, आईवर पहारा ठेवते. म्हणून सांगून जाणेच योग्य, मूल रडले तरी.

निरोप छोटा आणि रोज सारखा ठेवा:

१. खाली बसून मुलाच्या डोळ्यांत बघा.
२. एक मिठी, एक पापी.
३. "आता तू खेळणार, मग डबा खाणार, मग गाणे म्हणणार, आणि गाणे झाले की आजी येणार" असे त्याला कळेल अशा क्रमाने सांगा.
४. मुलाला शिक्षिकेच्या हातात द्या, टाटा करा आणि निघा. परत वळून येऊ नका.

दारात वीस मिनिटे समजूत घालत राहिलात तर मुलाला वाटते की इथे खरेच काहीतरी घाबरण्यासारखे आहे. बहुतेक मुले पालक दिसेनासे झाल्यावर काही मिनिटांत शांत होतात. मन लागत नसेल तर अर्ध्या तासाने शिक्षिकांना फोन करून विचारा.

आईला सोडताना फारच रडत असेल तर काही दिवस बाबांनी किंवा आजोबांनी सोडून पाहा. घरातला एखादा रुमाल किंवा छोटे खेळणे जवळ ठेवू द्या. पहिल्या महिन्यात शक्यतो व्हॅन नको. न्यायला उशीर करू नका. सगळी मुले गेली आणि आपणच उरलो, हा अनुभव आठवडाभराची प्रगती पुसून टाकतो.

मधेच पुन्हा रडू लागले तर?

पहिला आठवडा मजेत गेला आणि दुसऱ्या आठवड्यात रडणे सुरू झाले, असे अनेकदा होते. पहिल्यांदा नवलाई असते. नंतर मुलाला कळते की हे रोजचेच आहे. सोमवारी, तापाच्या सुट्टीनंतर, पावसामुळे शाळा बंद राहिल्यावर, गणपतीत गावाला जाऊन आल्यावर आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर रडणे परत येते. दुसऱ्या वेळी ते सहसा लवकर थांबते. अशा वेळी मधेच आठवडाभर घरी ठेवलेत, तर "पुरेसे रडले की जावे लागत नाही" असे मूल शिकते आणि पुढचे रुळणे कठीण होते.

शाळेत शहाण्यासारखे राहणारे मूल घरी आल्यावर चिडचिड करते, आईला चिकटते, रात्री अंथरूण ओले करते किंवा भरवायला सांगते. दिवसभर धरून ठेवलेला ताण ते आपल्या माणसांजवळ सोडत असते. काही आठवडे हे चालते. ओरडू नका, थोडे जास्त जवळ घ्या.

घरी आल्याबरोबर "आज रडलास का?" किंवा "काय शिकवले?" असे विचारू नका. आधी खायला द्या. नंतर "झोपाळ्यावर कोण बसले होते?" असा छोटा प्रश्न विचारा.

डबा परत येतो, काय करावे?

पहिल्या महिन्यात अर्धा डबा परत येणे सामान्य आहे. मूल घरी नेहमीसारखे खात असेल आणि शू व्यवस्थित होत असेल, तर काळजी नको. हाताने उचलता येईल असे थोडेच द्या: छोटी इडली, मऊ थालीपिठाचे तुकडे, तूप-गुळाची पोळी, केळे. अख्खे शेंगदाणे, चणे, पॉपकॉर्न आणि अख्खी द्राक्षे देऊ नका. या वयात ती श्वासनलिकेत अडकू शकतात.

"शाळा सुरू झाल्यापासून सारखी आजारी"

नर्सरीच्या पहिल्या वर्षी ८ ते १० वेळा, काही मुलांना त्याहून जास्त वेळा सर्दी-खोकला होऊ शकतो. घरात फारशा मुलांशी संपर्क न आलेले मूल अचानक वीस मुलांत जाते, आणि मुंबईत हे नेमके पावसाळ्याच्या तोंडावर होते. प्रत्येक विषाणू शरीराला नवा असतो. एका सर्दीचा खोकला दोन आठवडे रेंगाळतो, तोवर दुसरी सुरू होते. म्हणून मूल "सारखे" आजारी वाटते. वजन वाढत असेल आणि मधल्या दिवसांत मूल खेळकर असेल, तर प्रतिकारशक्ती कमी आहे असे समजू नका. टॉनिक किंवा उरलेले अँटिबायोटिक देऊ नका. साध्या सर्दीवर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो.

हात-पाय-तोंडाचा आजार पावसाळ्यात नर्सरीत वेगाने पसरतो. ताप, तोंडात फोड, तळहात, तळपाय आणि ढुंगणावर पुरळ ही लक्षणे. बहुतेक मुले ७ ते १० दिवसांत बरी होतात. तोंड दुखत असल्याने मूल पाणी पीत नाही, हा मुख्य धोका. गार ताक, नारळपाणी, दही-भात द्या. काही आठवड्यांनी नखे गळली तर घाबरू नका, ती परत येतात.

लसीकरण शाळेपूर्वी तपासून घ्या. गोवर-रुबेला आणि १६ ते २४ महिन्यांचा त्रिगुणी बूस्टर झाला आहे ना ते पाहा. कांजिण्या, टायफॉइड, कावीळ अ आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वीची फ्लूची लस याबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारा.

घरी कधी ठेवावे?

- ताप असेल तर औषधाशिवाय २४ तास ताप नसेपर्यंत
- जुलाब-उलट्या थांबून ४८ तास होईपर्यंत
- कांजिण्यांच्या सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत
- हात-पाय-तोंडाच्या आजारात ताप जाऊन फोड सुकेपर्यंत

नुसते नाक वाहत असेल आणि मूल खेळत असेल तर पाठवायला हरकत नाही. "पॅरासिटामॉल देऊन पाठवू, दुपारपर्यंत तरी राहील" असे मात्र करू नका. त्यात आपल्या मुलाचेही हाल आणि इतरांचेही.

डॉक्टरांकडे लगेच कधी जावे?

पावसाळ्यात प्रत्येक ताप "शाळेचा व्हायरल" समजू नका. मुंबईत याच काळात डेंग्यू आणि मलेरिया असतो. दोन-तीन दिवसांत ताप उतरला नाही तर तपासणी करून घ्या. तोवर तापासाठी वजनानुसार डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत फक्त पॅरासिटामॉल द्या, आयब्युप्रोफेन नको. पुढीलपैकी काही दिसले तर थांबू नका:

- श्वास जोरात चालणे, छाती आत ओढली जाणे
- सहा-आठ तास शू न होणे, काहीच न पिणे
- सुस्ती, उठवले तरी नीट न उठणे, फिट येणे
- सतत उलट्या, जोरात पोटदुखी, कुठूनही रक्तस्राव

आणि पुढील गोष्टींसाठी वेळ घेऊन भेटा:

- सहा-आठ आठवड्यांनंतरही दारातच नव्हे तर वर्गात बराच वेळ रडणे, कशातच न रमणे
- वजन घटणे, रोज रात्री दचकून उठणे
- वारंवार न्यूमोनिया किंवा रुग्णालयात भरती व्हावे लागणे
- नावाने हाक मारल्यावर न बघणे, बोट दाखवून न सांगणे, आलेले शब्द गमावणे, दोन वर्षे पूर्ण होऊनही दोन शब्द जोडून न बोलणे

शेवटच्या मुद्द्याबाबत "शाळेत गेला की बोलेल" किंवा "याचे बाबाही उशिरा बोलले" म्हणून वाट पाहू नका. घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी-हिंदी असल्याने बोलणे उशिरा येते हाही गैरसमज आहे. घरी मराठीतच भरपूर बोला. आधी श्रवण तपासणी करून घ्या. वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत श्रवण आणि वाचा तपासणीची सोय आहे.

एक अवघड पण आवश्यक मुद्दा

छान रुळलेले मूल अचानक एखाद्या व्यक्तीला, व्हॅनला किंवा शौचालयाला घाबरू लागले, गुप्तांगात दुखते म्हणाले, किंवा अंगावर न समजणाऱ्या खुणा दिसल्या, तर ते "नाटक" समजू नका. शांतपणे ऐका, उलटतपासणी घेऊ नका, तू सांगितलेस ते बरे केलेस असे म्हणा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मदतीसाठी १०९८ हा बाल हेल्पलाइनचा क्रमांक चोवीस तास उपलब्ध असतो. आंघोळ घालताना "इथे आई-बाबा किंवा आजी स्वच्छ करण्यासाठीच हात लावतात, आणि डॉक्टर आई समोर असतानाच" हे अडीच वर्षांच्या मुलालाही सांगता येते.

शेवटी, तुमच्यासाठी

मुलाला सोडून स्टेशनकडे निघताना डोळ्यांत पाणी येणे स्वाभाविक आहे. मुलासमोर चेहरा शांत ठेवा, कारण ते तुमच्या चेहऱ्यावरून ठरवते की ही जागा सुरक्षित आहे की नाही. घरात सर्वांनी एकच धोरण ठेवा. आई सोडून आली आणि आजीने "कशाला पाठवतेस गं एवढ्याशा पोराला" म्हटले, तर मूल गोंधळते. आजीची काळजी खरी आहे. तिला बाजूला बसून समजावा आणि न्यायला जायचे काम तिलाच द्या. दारात उभी असलेली आजी दिसली की पळत येणारे मूल तिला स्वतःच सांगेल, आज झोपाळ्यावर कोण बसले होते ते.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. आपल्या मुलाच्या तपासणीसाठी आणि औषधांसाठी बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्या.*